जुन्या पिकअपचे डोअरपॅड अन् सीट कव्हर घरच्या घरी

पिकअप जुनी झाली तरी इंजिन ठणठणीत असतंय, पण आत बघावं तर डोअरपॅड (दाराच्या आतल्या बाजूचं आवरण) फुगून लोंबकळलेला, सीट फाटलेली, आणि जुन्या मॉडेलचा पॅड मागितला की दुकानदार म्हणतो ऑर्डर द्यावी लागेल. कशाला ओ? तीन एमएमचं हार्डबोर्ड, वर पातळ फोम अन् रेक्झिन, एवढंच तर असतंय त्यात.

आधी जुना पॅड काढा. काच फिरवायचं हँडल लोक स्क्रू ड्रायव्हरनं उचकटतात आणि मोडून ठेवतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत हँडलच्या मागे यू आकाराचा तारेचा लॉक असतो. जुन्या टॉवेलची पट्टी (सोलापुरात टॉवेलला काय तोटा!) हँडल आणि वॉशरच्या फटीत घालायची, दोन्ही टोकं धरून इकडून तिकडं ओढत राहायचं, लॉक टक्कन उडतो. दुसऱ्या कुणालातरी वर हात धरायला सांगा नाहीतर लॉक शोधत बसाल.

जुना पॅड हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलनं आखा. फारच फुगला असेल तर दारावर वर्तमानपत्र लावून माप घ्या. दुसऱ्या दाराला तोच साचा पालथा. पॅड दाराला धरून ठेवणाऱ्या क्लिपची भोकं रेक्झिन लावायच्या आधीच पाडायची, आणि दारावर धरून बघायची, कारण भोक दोन एमएम जरी सरकलं तरी क्लिप बसत नाही.

आता पॅड फुगतो कशानं ते बघा. काचेवरून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जायला पाहिजे. भोकं तारेनं मोकळी करा, पॅडमागच्या दाराच्या पत्र्यावर जाड प्लास्टिक चिकटवा आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला अन् कडांना ऑइल पेंटचे दोन हात मारा. हे केलं नाही तर पहिल्या पावसात सगळी मेहनत पाण्यात.

चिकटवायला फेविकॉल एसआर, म्हणजे रबरी गोंद. दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेना झालं की मगच दाबायचं, कारण एकदा चिकटलं की सरकवता येत नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर, उन्हात ते पटकन सुकतंय, म्हणून सकाळी सावलीत, आणि वाफ डोक्यात जाते तेव्हा हवेशीर जागेत, जवळ बिडी-काडी नको. कडेला इंचभर रेक्झिन मागे दुमडा, बाहेरच्या गोल कोपऱ्याला व्ही कापून, आतल्या वळणाला नुसते काप देऊन. स्टेपल गन मारू नका, पातळ बोर्डातून पिना पुढं येतात.

सीटला रेक्झिन नको, उन्हात पाठ भाजते. सोलापुरी चादर घ्या, पण आधी एकदा धुऊन वाळवा, सुती असल्यानं आटते, मग मापानं शिवून खालून रुंद इलॅस्टिक. बेल्टचं बकल मात्र वर मोकळं राहिलं पाहिजे.

डॅशबोर्डवर टाकायचं कापड गडद, चमक नसलेलं घ्या, फिकट असलं तर समोरच्या काचेत त्याचीच सावली दिसते. पायाखाली रबरी मॅट कापून टाकताना ती पॅडलखाली सरकत नाही ना हे ब्रेक, क्लच, अॅक्सिलेटर तिन्ही पूर्ण दाबून बघा, सरकत असेल तर दोन ठिकाणी पत्र्याला स्क्रू मारून टाका, पण आधी गाडीखाली वाकून बघा, तिथून वायर किंवा पाइप जात नाही ना.