भीड भिकेची बहीण: डेटिंग ॲप आणि क्रेडिट कार्ड, या चुका टाळा

घटस्फोटानंतर दीड वर्षाने मी डेटिंग ॲप घेतलं. त्याच महिन्यात लोअर परळला आमच्या ऑफिसखाली टेबल टाकून बसलेल्या एका मुलाकडून 'लाइफटाइम फ्री' क्रेडिट कार्डही घेतलं. कार्ड मला नको होतं. पण पोरगा घामाघूम झाला होता, टार्गेटला तीन फॉर्म कमी पडतायत म्हणाला, आणि मी सही करून मोकळी झाले. ॲपवरच्या पहिल्या माणसाला भेटायला गेले तेही असंच. त्याने चारदा विचारलं होतं, पाचव्यांदा नाही म्हणायला जीभ रेटेना.

आई वाल सोलता सोलता म्हणाली, "भीड भिकेची बहीण गं बाई." तेव्हा चिडले होते. पुढच्या दोन वर्षांत डेटिंग आणि कार्ड या दोन्ही आघाड्यांवर ज्या चुका केल्या, त्यांच्या मुळाशी हीच बहीण सापडली. त्या चुका इथे लिहिते आहे. काही माझ्या, एक ऑफिसमधल्या मित्राची, त्याला विचारून.

ॲप उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन गेलं असं समजणं

ॲपचा पैसेवाला प्लॅन मी एका रविवारी रात्री घेतला. अशा गोष्टी माणूस रविवारी रात्रीच घेतो. महिनाभरात कंटाळले, ॲप डिलीट केलं, विषय संपला असं समजले. चौथ्या महिन्यात स्टेटमेंट नीट वाचलं तर दर महिन्याला पैसे जात होते. ॲप फोनवरून गेलं होतं, सबस्क्रिप्शन खात्यावर जसंच्या तसं होतं.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करा, तिथे 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' सापडेल. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप केलं की 'सबस्क्रिप्शन्स' दिसतं. रद्द तिथूनच करायचं. प्लॅन ॲपच्या वेबसाइटवरून घेतला असेल तर मात्र तो या यादीत नसतो, तो वेबसाइटवर लॉगिन करूनच बंद करावा लागतो. आधी रद्द करा, मग ॲप उडवा. आणि प्रोफाइलही डिलीट करा, नाहीतर तुमचा महाबळेश्वरचा फोटो तिथे लोकांना दिसत राहील.

आता माझा गाढवपणा. ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरच्या अशा ठरावीक वजावटीआधी किमान 24 तास सूचना यायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्या सूचनेतून नको म्हणायची सोयही असते. मला तिन्ही वेळा मेसेज आला होता. बँकेचे मेसेज मी न वाचता पुसते, कारण दहातले नऊ कर्ज देऊ करणारे असतात. दहावा हा होता. बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये चालू असलेल्या मँडेटची, म्हणजे ठरावीक वजावटीला आपण दिलेल्या परवानग्यांची यादीही मिळते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यात योगाचं एक ॲप निघालं, जे घेतल्याचं मला आजही आठवत नाही.

जागा दुसऱ्याला ठरवू देणं

मी मुलुंडला राहते. ॲप किलोमीटर मोजतं, लोकलची लाइन मोजत नाही. बोरिवली नकाशावर जवळ दिसते, प्रत्यक्षात दादरला उतरा, पूल चढा, फलाट बदला. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता पूर्ण होईल तेव्हा मुंबईतली कितीतरी प्रेमं मार्गी लागतील असं माझं प्रामाणिक मत आहे. तोवर दादर-माटुंगा ही दोन्ही लाइनींना सोयीची जागा. पहिल्या भेटीला माटुंग्याचं उडपी हॉटेल मला फार आवडतं. बाहेर रांग असते, मागे उभे असलेले लोक तुमच्या इडलीकडे बघत असतात, त्यामुळे माणूस आवडला नाही तर वीस मिनिटांत उठता येतं. आवडला तर कॉफी दुसरीकडे घेता येते. बिल दोघांचं मिळून चार-पाचशेच्या आत.

ऑफिसमधल्या मित्राला याच्या बरोबर उलट अनुभव आला. मुलीने दुसऱ्याच दिवशी भेटायचं ठरवलं, जागाही तिनेच ठरवली, पश्चिम उपनगरातलं एक लाउंज. मेनूकार्ड टेबलावर आलंच नाही. तिनेच वेटरला खुणेने काहीतरी सांगितलं, निळसर रंगाचे ग्लास आले, मग हुक्का आला. तिला फोन आला म्हणून ती बाहेर गेली ती गेलीच. बिल आलं 18,400 रुपयांचं, आणि बिलाबरोबर दोन धिप्पाड माणसं. त्याने कार्ड मशिनमध्ये घातलं, पिन टाकला, घरी आला.

2024 मध्ये अंधेरीतल्या अशाच प्रकाराच्या बातम्या आल्या तेव्हा कुठे त्याला कळलं की हा एक धंदाच आहे. बँकेला त्याने फोन केला, पण पिन त्याने स्वतः टाकला होता. बँकेच्या लेखी तो व्यवहार कार्डधारकाने स्वतः केलेला, आणि अशा पैशांवर पुढे वाद घालणं जड जातं. म्हणून वाद तिथेच, बिल भरायच्या आधी घालायचा. काय काय दिलं त्याचं दरासकट बिल मागा, मेनूकार्ड मागून त्याचा फोटो काढा, वाट अडवली तर 112 फिरवा. पोलिसांना बोलावतो म्हटल्यावर असली बिलं पुष्कळदा तिथल्या तिथे उतरतात. पैसे गेले असतील तरी पोलीस तक्रार करा. तिची प्रत हातात असली तर बँकेकडे निदान बोलायला काही असतं.

त्याआधीचा दोन मिनिटांचा बंदोबस्त म्हणजे बँकेच्या ॲपमधून कार्डाची मर्यादा कमी करून ठेवणं. ऑनलाइन, परदेशी आणि नुसतं टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात. टॅपला 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही हे लक्षात असू द्या. मी भेटीला जाताना मर्यादा दोन हजारांवर आणते. आईला वाटतं मी फोनवर पावडर लावते की काय, इतका वेळ फोनमध्ये बघून मगच निघते.

लाजेपोटी 'मिनिमम ड्यू' भरत राहणं

त्या मित्राची खरी चूक लाउंजमध्ये झाली नाही, त्यानंतर झाली. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून त्याने ते 18,400 कार्डावरच ठेवले आणि बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून छापलेली किमान रक्कम भरत राहिला. ढोबळ हिशेब मांडून बघा. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे 644 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 116. झाले 760. किमान रक्कम पाच टक्के धरली तर 920. म्हणजे 920 भरून कर्ज कमी झालं 160 रुपयांनी. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, भाजी घेतली त्या दिवसापासून भाजीवर व्याज. तिसऱ्या महिन्यात त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज असा होता की मला वाटलं कुणीतरी गेलं. सोसायटीच्या पतपेढीतून कर्ज काढून त्याने एका फटक्यात ते मिटवलं. पतपेढीचं वर्षाचं व्याज कार्डाच्या चार महिन्यांच्या व्याजाहून कमी होतं.

'जहाजावरचा' माणूस

हे थोडक्यात, कारण यावर बरंच लिहून झालंय. माझ्या वाट्याला आलेला मूळचा साताऱ्याचा होता म्हणे, मर्चंट नेव्हीत. दुसऱ्या दिवशी 'तुम्ही'वरून 'तू'वर आला, तिसऱ्या दिवशी 'डिअर'वर. आपल्याकडे 'तू' म्हणायला दोन भेटी आणि एक पावसाळी चहा लागतो. 'तुझा काळजी वाटतो' असं लिहायचा. कंदी पेढे आणशील का विचारलं तर म्हणाला, ते काय असतं? सातारकर हा प्रश्न विचारूच शकत नाही. व्हिडिओ कॉलला जहाजावर नेटवर्क नसायचं, मेसेजला मात्र असायचं. मग भेटवस्तूचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलं, सोडवायला पैसे हवे होते. तिथे मी थांबले.

तुम्ही थांबला नसाल तर एवढंच ध्यानात ठेवा. पैसे गेल्याचं कळताच 1930 वर फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार व्यवहार तुमच्या परवानगीशिवाय झाला असेल, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या अंगावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजत दोन दिवस घालवू नका.

कार्डाला कात्री आणि माणसाला मौन

आता त्या लाइफटाइम फ्री कार्डाकडे येते. वर्षभर वापरलं नाही, मग दिवाळीच्या साफसफाईत कात्रीने चार तुकडे करून टाकलं. त्याच आठवड्यात बोरिवलीच्या एका चांगल्या माणसाला उत्तर देणं बंद केलं. दोन भेटी झाल्या होत्या. वाईट काहीच नव्हतं, पण पुढे जावंसं वाटत नव्हतं, आणि ते सांगायचं कसं हे सुचत नव्हतं. तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला, "सगळं बरं आहे ना? की हे नाही समजू?" मी तोही वाचून ठेवून दिला.

कार्डाने एवढा सभ्यपणा दाखवला नाही. फॉर्मवर बारीक अक्षरांत 'पहिलं वर्ष मोफत' होतं. दुसऱ्या वर्षी 499 फी आणि जीएसटी धरून 588 रुपये 82 पैसे लागले. स्टेटमेंट मी कधीच न उघडणाऱ्या जुन्या ईमेलवर जात होतं. चार महिन्यांत लेट फी आणि व्याज चढून आकडा अडीच हजारांच्या वर गेला, वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा मला कळलं. क्रेडिट स्कोअरही पडला होता. (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मागवत जा.)

मग बंद करायला फोन लावला. पलीकडची मुलगी इतकी गोड, "मॅडम, आमच्याकडून काही चुकलं का?" चुकलं तर होतंच, पण मी म्हणाले, "नाही हो, तसं नाही." तिने पुढच्या वर्षीची फी माफ केली, पाचशेचं व्हाउचर देऊ केलं, आणि मी फोन ठेवला तेव्हा कार्ड चालूच होतं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर मी तिला थँक्यू म्हणाले.

चौथ्या वेळी फोन केलाच नाही. बँकेच्या तक्रारीच्या पत्त्यावर चार ओळींचा ईमेल लिहिला. कार्डाचे शेवटचे चार अंक, विक्रीच्या वेळी काय सांगितलं होतं ते, लेट फी परत करा, कार्ड बंद करा. कारण दिलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांत थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला. ते वाक्यही टाकलं. 'थकबाकी नसेल तर' यातच मेख आहे. लेट फी परत आली, वार्षिक फी मी भरली, आणि तरी अर्ज फेटाळला गेला, कारण मधल्या दिवसांच्या व्याजाचे 37 रुपये 40 पैसे उरले होते. म्हणून अर्ज करायच्या दिवशी शेवटची बाकी पैशांसकट विचारून घ्या, भरा, पावती जोडा. उलट तुमचेच पैसे जास्त जमा असतील तर ते खात्यात परत मागा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीचा नंबर 14448. मला तिथवर जावं लागलं नाही.

ईमेल पाठवला त्या रात्री करी रोडहून सुटलेल्या गाडीत बोरिवलीकरालाही लिहिलं. "उशीर झाला, सॉरी. तुम्ही छान आहात, पण मला पुढे जायचं नाही." कारण त्यालाही दिलं नाही. घाटकोपर यायच्या आत त्याचं उत्तर आलं, "कळवलंत, बरं वाटलं." खाली अंगठा.

कार्ड बंद झाल्याचं आणि बाकी शून्य असल्याचं पत्र सहाव्या दिवशी ईमेलवर आलं. ते छापून घेतलं, कारण दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवालात कार्ड 'क्लोज्ड' दिसतं का ते बघायचं आणि नसेल तर हेच पत्र जोडायचं. ठेवायचं कुठे म्हणून आईने कपाटातली निळी फाइल काढून दिली. त्यात वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आहे. तिच्या मागच्या प्लास्टिकमध्ये सरकवलं.