मृगाआधी भरायचा डबा

पापड-लोणच्यांची बेगमी झाली असेल आणि घरात दीड-दोन वर्षांचं पोर असेल, तर मे संपायच्या आत आणखी एक डबा भरून ठेवा, जुलाबांसाठीचा. गढूळ पाण्याचे दिवस येताहेत.

डब्यात पहिल्यांदा ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीची, चार-पाच पाकिटं, मुदत बघून. 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' (जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण) छापलेलीच घ्या. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयं नकोत. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. मोठं पाकीट लिटरभर पाण्याचं असतं, छोटं 200 मिलीचं. आमच्याकडे गेल्या वर्षी रात्री दोन वाजता घाईत अख्खं मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं गेलं. मी चाखून बघितलं म्हणून बरं, नुसता समुद्र! एवढं खारट पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ वाढतं. आता डब्याशेजारी काचेची बाटली असते, लिटरच्या खुणेला नेलपॉलिशची लाल रेघ ओढलेली. पाणी उकळून गार केलेलं. कालवलेलं 24 तासांनी ओतून द्यायचं.

मग वाटी-चमचा. दर जुलाबामागे दोन वर्षांखालच्याला 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. झिंकच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आणून ठेवा: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, 14 दिवस. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की सगळे बंद करतात, तसं करू नका. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या मात्र या डब्यात नकोतच.

तान्हं असेल तर लसीचं कार्ड काढा. रोटाव्हायरसच्या, म्हणजे जुलाब करणाऱ्या विषाणूवरच्या लसीचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात, सरकारी केंद्रात फुकट.

मूगडाळ, तांदूळ, दही घरात असतंच. तयारी करायची ती आजीची. 'दात येताहेत, होतं असं' आणि 'पोटाला जरा आराम द्या' ही दोन्ही वाक्यं आत्ताच, शांतपणे, चहा पिताना निकालात काढा. मऊ खिचडी आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. ऐन वेळी वाद घालायला त्राण नसतं.

शेवटी फ्रिजवर एक कागद: शीमध्ये रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, रडताना पाणी नाही, पोर मलूल किंवा काहीच पीत नाही, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वाटच बघू नका. खाली रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, आणि त्याच्याखाली रात्री फोन उचलणाऱ्या रिक्षावाल्याचा.