'डिपिक्ट' वापरताय? या चुका टाळा

डिपिक्ट म्हणजे चित्रातून, शिल्पातून किंवा शब्दांतून एखादी गोष्ट दाखवणं, एवढा अर्थ सगळ्यांना पाठ असतो, पण वाक्यात वापरायची वेळ आली की त्याच त्याच चुका, आणि त्या खोडून माझं लाल पेन संपत आलंय.

सगळ्यात जास्त दिसते ती 'डिपिक्ट्स अबाउट'. मराठीतलं 'बद्दल' तसंच्या तसं इंग्रजीत जाऊन बसतं. अहो, डिपिक्टला अबाउट लागतच नाही. 'द पेंटिंग डिपिक्ट्स अ जातक टेल', झालं! मी आधी मराठीत विचारते, 'यात काय दाखवलंय?' आणि जे उत्तर येईल ते सरळ डिपिक्ट्सच्या पुढे ठेवते.

दुसरी म्हणजे पोर्ट्रेट आणि पोर्ट्रेमधला घोळ. पोर्ट्रेट हे नाम, म्हणजे व्यक्तिचित्र, आणि पोर्ट्रे हे क्रियापद, साधारण डिपिक्टच्याच अर्थाचं. एकदा माझ्याकडे अजिंठ्याचं माहितीपत्रक तपासायला आलं, तेही छापून झाल्यावर. 26 नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीवर साधारण 7 मीटर लांबीचं महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे, बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले, खाली शोक करणारे शिष्य. फोटोखाली काय, तर 'धिस स्कल्प्चर पोर्ट्रेट्स द डेथ ऑफ बुद्धा'. एक तर वाक्याला क्रियापदच नाही, त्यात पोर्ट्रेट वाचलं की माणूस कुणाचा तरी चेहरा शोधतो, इथे तर अख्खा प्रसंग कोरलाय, आणि नुसतं डेथ म्हटल्यावर महापरिनिर्वाण कुठे उरलं? मोबाईलवर भाषांतर करून पेस्ट केलेलं होतं, कुणी एकदा मोठ्याने वाचूनही बघितलं नव्हतं. सगळा गठ्ठा रद्दीत गेला. मला फार वाईट वाटलं, इतक्या सुंदर शिल्पाला दोन मिनिटं द्यायला काय हरकत होती? मी तिथे 'डिपिक्ट्स द महापरिनिर्वाण ऑफ द बुद्धा' केलं.

'इज डिपिक्टिंग' नको. चित्र काल जे दाखवत होतं तेच आजही दाखवतं, म्हणून साधं डिपिक्ट्स.

कोणत्या रूपात दाखवलंय हे सांगायचं तर पुढे ॲज येतं, लाईक नाही. घारापुरीत 'शिवा इज डिपिक्टेड ॲज अर्धनारीश्वर'.

ग्राफला शोज पुरे, भारी शब्द हवाच म्हणून डिपिक्ट कोंबू नका. आणि पोराने वहीत झाड काढलं तर त्याने ते 'ड्रू' केलं; डिपिक्ट येतं ते चित्रात काय आहे हे सांगताना.