मराठवाड्यात राहून जाहिरात, जनसंपर्क आणि मार्केटिंग शिकायचं तर

जाहिरात, जनसंपर्क आणि मार्केटिंग ही तीन नावं माहितीपत्रकात एका दमात छापलेली असतात. प्रवेश घेताना पहिला घोळ तिथंच होतो. म्हणून आधी तिन्हींची कामं वेगळी करून घ्या. पैसे देऊन घेतलेली जागा किंवा वेळ म्हणजे जाहिरात; तिथं काय लिहायचं ते तुम्ही ठरवता. जनसंपर्कात जागा विकत मिळत नाही. बातमीदार, गावकरी, कामगार, सरकारी कार्यालय यांना पटेल असं सांगावं लागतं, आणि छापायचं की नाही हे समोरचा ठरवतो. मार्केटिंग या दोन्हींच्या आधी सुरू होतं: माल कोणासाठी, किती किमतीला, कोणत्या दुकानात, कोणत्या महिन्यात. वसमतच्या हळदीचं पाकीट शंभर ग्रॅमचं काढायचं की अर्ध्या किलोचं, हे मार्केटिंगवाल्यानं ठरवायचं असतं. ते चुकलं की जाहिरात कितीही देखणी असली तरी पैसा वाया जातो. हळदीचं हेच पाकीट पुढं हिशेबाला घेऊ.

कोणता अभ्यासक्रम घ्यायचा

लिहिण्याची आवड असेल तर पत्रकारिता-जनसंवादाकडे जा, आकड्यांची भीती नसेल तर व्यवस्थापनाकडे. पदवीनंतर छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जनसंवाद व वृत्तपत्रविद्या विभाग आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. या दोन्ही ठिकाणी जाहिरात आणि जनसंपर्क शिकवतात, पण पत्रकारितेच्या सोबतीनं. संभाजीनगरच्या एमजीएम विद्यापीठातही पत्रकारितेचं शिक्षण आहे. मार्केटिंग मुख्य विषय म्हणून हवं असेल तर एमबीए. त्यात पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखेच विषय असतात आणि स्पेशलायझेशन सहसा दुसऱ्या वर्षी निवडायचं असतं.

एमबीएसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते: २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. यातले ७५ प्रश्न तर्कावर असतात, आणि मराठी माध्यमातली मुलं तिथं इंग्रजीपायी वेळ घालवतात, कारण प्रश्न समजायलाच दोनदा वाचावा लागतो. सरावाला बसताना पहिला महिनाभर फक्त प्रश्न वाचून त्यात काय विचारलंय ते एका ओळीत मराठीत लिहा. वेग त्यानं वाढतो. पदवीला किमान ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५.

बारावीनंतर थेट बीबीए करायचं असेल तर २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे. काही महाविद्यालयांनी तोच विषय वेगळ्या नावाच्या पदवीखाली ठेवला आणि तिथं सीईटीशिवाय प्रवेश मिळतो. त्यात गैर काही नाही, पण पदवी प्रमाणपत्रावर नेमकं कोणतं नाव छापून येणार हे कार्यालयात लेखी विचारून घ्या.

प्रवेशाआधी विभागात एकदा स्वतः जाऊन या. बाहेरच्या फ्लेक्सवर जाऊ नका. चालू अभ्यासक्रमाची प्रत मागा आणि त्यात संशोधन पद्धती, माध्यम नियोजन (कोणत्या माध्यमात किती पैसा घालायचा ते ठरवणं) आणि डिजिटल मार्केटिंगचे पेपर आहेत का बघा. मागच्या वर्षीची मुलं प्रशिक्षणाला कुठं गेली होती ते शिपायापासून प्राध्यापकापर्यंत कोणालाही विचारा. उत्तर लगेच आलं तर विभाग जागा आहे असं समजावं.

कागदपत्रांत सर्वांत जास्त नुकसान नॉन-क्रिमिलेअरनं होतं. प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, जुनं जोडलं तर अर्ज खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. जून उजाडला की तहसीलला आणि सेतू केंद्रावर रांगा लागतात, म्हणून नवीन प्रमाणपत्रासाठी एप्रिलमध्येच अर्ज टाका. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही तेव्हाच तपासा.

बाजार हीच प्रयोगशाळा

पाठ्यपुस्तकातली उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली किंवा मुंबईतली असतात. आपल्याभोवती जालन्याचं स्टील आणि बियाणं आहे, लातूरची डाळ आणि शिकवण्या आहेत, पैठणची पैठणी, वाळूज-शेंद्र्याचे कारखाने, तुळजापूरची नवरात्राची गर्दी आहे. विद्यापीठाच्या दोन वर्षांत यांतला एक बाजार मुळापासून ओळखणारा विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या मुलाखतीतही वेगळा उठून दिसतो, असं आमचं ठाम मत आहे.

सुरुवात बाजाराच्या वर्षानं करा. एका वहीत बारा महिने मांडा आणि प्रत्येक महिन्यात कोणाच्या हातात पैसा असतो ते लिहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन बाजारात येतं, तेव्हा मोटारसायकल आणि टीव्ही खपतात. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात. जानेवारीत त्यांच्या तांड्यावर किंवा गावात भिंत रंगवली तर ती वाचायला निम्मी घरं उघडीच नसतात. खरिपाच्या बियाण्याचा प्रचार एप्रिल-मेमध्ये कृषी सेवा केंद्रांवर संपलेला असतो. जूनमध्ये शेतकरी ठरवून आलेला असतो. ही वही वर्गातल्या कोणत्याही नोट्सपेक्षा जास्त दिवस कामाला येते.

मग सर्वेक्षण. यात हमखास होणारी चूक म्हणजे गूगल फॉर्म आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. उत्तरं शंभर येतात, पण सगळी विशीतल्या, शहरात खोली करून राहणाऱ्या मुलांची. हळद घरात कोण विकत घेतं? त्या बाईपर्यंत तो फॉर्म पोचलेलाच नसतो. दोन आठवडी बाजार निवडा, एक तालुक्याच्या गावचा आणि एक लहान गावचा, आणि प्रत्येक ठिकाणी पन्नास जणांशी बोला. येणाऱ्या दर पाचव्या माणसाला थांबवा, म्हणजे ओळखीचे चेहरे निवडले जाणार नाहीत. “आमची हळद घ्याल का?” असं विचारलं की भिडेखातर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी “मागच्या वेळी हळद कधी घेतली, किती घेतली, कुठून?” असं विचारा. सकाळी विक्रेत्याची बोहनी व्हायच्या आत त्याच्या गाड्यासमोर गिऱ्हाईक अडवू नका.

पैशांचा हिशेब

माध्यम नियोजनाच्या पेपरात मुलं व्याख्या पाठ करतात आणि आकडेमोड सोडतात. नोकरीत उलटं लागतं. वर्तमानपत्रातली जागा चौरस सेंटिमीटरवर मोजतात: रुंदी आधी, उंची नंतर. ८ × १० म्हणजे ८० चौ. सें.मी. दर समजा १५० रुपये, तर १२,००० रुपये आणि छापील माध्यमाला ५ टक्के जीएसटी, एकूण १२,६००. मान्यताप्राप्त एजन्सीचं प्रचलित १५ टक्के कमिशन वर्तमानपत्र आपल्या दरातून देतं. ते ग्राहकाच्या बिलात वरून लावणं ही परीक्षेतही आणि कामातही होणारी चूक आहे. एकाच दैनिकाचा संभाजीनगर आवृत्तीचा आणि फक्त लातूर जिल्ह्याच्या पानांचा दर वेगळा असतो, म्हणून दरपत्रक मागताना आवृत्ती आणि पान दोन्ही सांगा.

रेडिओचा भाव दहा सेकंदांवर असतो. वीस सेकंदांत मराठीत साधारण चाळीस शब्द नीट ऐकू येतात. साठ शब्द कोंबले तर दुकानाचा पत्ताच गिळला जातो. फ्लेक्स चौरस फुटावर: १० × २० म्हणजे २०० चौ. फूट. छपाई वेगळी, जागेचं महिन्याचं भाडं वेगळं, आणि महापालिकेची किंवा नगरपरिषदेची परवानगी वेगळी. परवानगीचा क्रमांक नसलेला फलक उतरवला गेला तर तिन्ही खर्च बुडतात.

आता डिजिटल, आणि इथं आपलं हळदीचं पाकीट घेऊ. समजा अर्ध्या किलोच्या पाकिटावर ६० रुपये सुटतात. मोबाइलवर २,००० रुपयांची जाहिरात दिली, ती ४०,००० वेळा दिसली: हजारामागं ५० रुपये. चारशे जणांनी दाबून बघितलं, म्हणजे एक टक्का, माणशी ५ रुपये. वीस जणांनी मागवलं. १८ टक्के जीएसटी धरून खर्च २,३६०, म्हणजे एका मागणीला ११८ रुपये. सुटतात ६०. विद्यार्थी इथं लगेच जाहिरातीचं चित्र बदलायला घेतो. पण चारशेतून वीस हे प्रमाण वाईट नाही. दुखणं पाकिटात आहे. दोन पाकिटांचा जोड विकला तर १२० सुटतात आणि जेमतेम बरोबरी होते, त्यातले काही पुन्हा मागवतील तेव्हा कुठं फायदा. उत्तरपत्रिकेत हा शेवटचा टप्पा लिहिणाऱ्याला विषय कळलेला असतो.

प्रेसनोट आणि छपाई

प्रेसनोट एका पानाची, अडीचशे ते तीनशे शब्दांची. “सालाबादप्रमाणे यंदाही मोठ्या उत्साहात” अशी सुरुवात असेल तर उपसंपादक पहिला परिच्छेद न वाचताच कापतो. “मोसंबीच्या बागांसाठी मोफत माती तपासणी; मंगळवारी सकाळी ९ पासून बाजार समितीच्या आवारात” असं लिहिलं की बातमी पहिल्या ओळीतच हातात पडते. मान्यवरांची यादी शेवटी, आणि तीही पाच नावांच्या पुढं नको. मजकूर युनिकोडमध्ये थेट मेलमध्ये चिकटवा, पीडीएफ पाठवू नका. फोटो वेगळा जोडा, वर्ड फाइलमध्ये अडकवू नका. फोटोओळीत नावं डावीकडून क्रमानं द्या. तालुक्याची पानं छपाईला लवकर सुटतात, म्हणून दुपारी तीनच्या आत पाठवा. पाठवल्यावर एकदा फोन करावा, तीनदा करू नये.

छपाईतली सगळ्यांत महाग चूक अक्षरांची असते. फ्लेक्सवाल्याकडं जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. तुमचा मजकूर त्यात बदलताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, जोडाक्षर फुटतं, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. फाइल त्याच्याकडं द्यायच्या आधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेषांच्या आकारांत, बदला आणि बदलल्यावर पुन्हा वाचा. प्रत्येक शब्द उलट्या क्रमानं, शेवटाकडून वाचला तर चूक लवकर सापडते, कारण डोळा वाक्याच्या ओघात वाहून जात नाही. वर्तमानपत्रासाठी काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून बनवलेला काळा न्यूजप्रिंटवर फिसकटतो आणि बारीक मजकूर वाचता येत नाही.

कायदा सोडू नका

भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, १९८५ ची आणि पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ ची, एवढ्यावर टीप लिहून मुलं पुढं जातात. प्रत्यक्षात हळदीच्या पाकिटावर “मधुमेह बरा होतो” असं छापलं तर १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय जाहिरात कायदा लागतो, हे माहीत असायला हवं. लातूर-नांदेडला काम करायचं असेल तर शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं तोंडपाठ हवीत. निवड झाल्यावर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो वापरता येत नाही, आणि त्यानं नेमका कोणता कोर्स घेतला होता तेही ठळक द्यावं लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

संकटकाळाच्या जनसंपर्कासाठी घरचंच उदाहरण घ्या. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी मराठवाड्यातून मोठ्या संख्येनं आल्या. तुम्ही बियाणं कंपनीचे जनसंपर्क अधिकारी आहात असं समजून पहिल्या चोवीस तासांचं निवेदन लिहा. त्यात काय कळलंय, काय तपासतोय, तक्रार कुठं नोंदवायची, पंचनाम्याला कोण येणार, एवढंच हवं. “पेरणी खोल झाली असेल” हे वाक्य खरं असलं तरी पहिल्या दिवशी टाकायचं नाही. दुबार पेरणीच्या काळजीत असलेला शेतकरी ते दोष ढकलणं म्हणूनच वाचतो. निवेदनासोबत विक्रेत्यांसाठी वेगळं अर्धं पान लिहा, कारण शेतकरी कंपनीला फोन करायच्या आधी कृषी सेवा केंद्रावर जाऊन उभा राहतो.

प्रशिक्षण आणि कामाची फाइल

नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचं (क्रेडिट) कार्यप्रशिक्षण आहे. श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास. ते ओळखीच्या कार्यालयात सही-शिक्क्यावर उरकू नका. एजन्सी, दैनिकाचा जाहिरात विभाग, जिल्हा माहिती कार्यालय, सामुदायिक रेडिओ, बियाणं कंपनीचा विक्री विभाग यांना निदान दोन महिने आधी अर्ज द्या. अर्जासोबत पाच नमुने जोडा: एक प्रेसनोट, वीस सेकंदांची रेडिओ संहिता, दोन बाजारांचं सर्वेक्षण, पन्नास हजारांचं माध्यम नियोजन आणि ते संकटातलं निवेदन. प्रत्येक नमुना मराठीत आणि इंग्रजीत स्वतंत्र लिहिलेला असावा; एकाचं दुसऱ्यात शब्दाला शब्द लावून केलेलं रूप वाचणाऱ्याला लगेच कळतं. माध्यम नियोजनात धरलेले दर कोणत्या महिन्याच्या दरपत्रकातले आहेत ते तळाला लिहा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.