हार्डटॉप उचलायला शिका, पॉलिश नंतर

उद्यमबागेतल्या गॅरेजमध्ये पेंटिंगला नवीन लागलेल्या पोराचा डोळा पॉलिशिंग मशीनवर असतो. जुन्या गाडीचं काम असलं की मी त्याच्या हातात आधी बादली, स्पंज आणि जुनी गोधडी देतो. हार्डटॉप म्हणजे उघड्या गाडीवर काढ-घाल करायचं कडक छत. त्याच्याखालचा रंग मशीनने वाचत नाही. टॉप कसा उचलला आणि कशावर बसवला, त्यावर तो वाचतो.

अशा गाड्या बेळगावात थोड्या. 1963 ते 1971 मध्ये निघालेली मर्सिडीजची पॅगोडा किंवा एखादी एमजीबी, अशी उघडी स्पोर्ट्स कार क्वचितच दारात येते. फायबरचा टॉप चढवलेल्या जीपा मात्र नेहमीच्या, आणि दुखणं दोन्हीकडे एकच. टॉपच्या खालच्या कडेला रबरी बीडिंग असतं. खानापूरकडची तांबडी धूळ त्यात जाऊन बसते. चोर्ला घाटात गाडी हादरली की टॉप केसभर हलतो आणि ती धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. डिकीच्या पुढचा पट्टा आणि दारांमागचे कोपरे तेवढे नीट बघा. तिथं आधी चमक जाते, मग रंग, मग प्रायमर. पत्रा उघडा पडला की उरलेलं काम आपला पाऊस करतो, कारण बीडिंगखाली अडकलेलं पाणी पावसाळाभर वाळत नाही.

काढायच्या आधी गाडी धुवा. अंगठी, कडं, पट्ट्याचं बक्कल बाजूला ठेवा. डिकीवर गोधडी टाका. सगळे लॉक उघडलेत का आणि मागच्या काचेच्या हीटरला वायर आहे का, हे बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. मालक म्हणतात, दोघांत होतं. होतं की, पण एकाचा पाय सरकला तर टॉपचा कोपरा थेट डिकीवर! चौघं घ्या आणि हुकूम एकानेच द्या. आमची निम्मी पोरं कन्नड बोलणारी, त्यामुळे ‘उचल’ आणि ‘एत्तु’ एका दमात निघतं. टॉप सरळ वर घ्यायचा, मागे ओढायचा नाही.

कडेला मास्किंग टेप लावायचा मोह होतो. जुन्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर कडक टेप लावलात तर काढताना रंगाचा पापुद्राही येईल. हलक्या चिकटीचा घ्या, काम झालं की लगेच काढा, उन्हात तर ठेवूच नका. बीडिंगखाली पारदर्शक पीपीएफची, म्हणजे रंग वाचवणाऱ्या फिल्मची, पट्टी लावणं हा चांगला उपाय आहे, पण खालचा रंग घट्ट असेल तरच. ताज्या रंगावर तो पूर्ण पिकेपर्यंत फिल्म नको.

बीडिंग साबणपाण्याने धुऊन, वाळवून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल किंवा डिझेल नको, रबर फुगतं. पांढऱ्या गाडीवर रबराचे पिवळट-काळे डाग पडतात. ते रंगात मुरलेले असतात, कितीही घासलं तरी बहुधा जात नाहीत.

काढलेला टॉप बीडिंगवर टेकवून ठेवू नका, बीडिंग चेपतं. गादी लावलेला स्टँड करा, वर सुती चादर टाका. प्लॅस्टिक घातलं की आत घाम धरतो. पावसाळ्यात टॉप गाडीवरच असेल तर उघडीप मिळाली की काढून दोन्हीकडची कड पुसा.

आणि गाडी आत घेतानाच मालकासमोर त्या पट्ट्याचे, कोपऱ्यांचे फोटो काढा. नाहीतर जुना ओरखडाही तुमच्याच नावावर लागतो.