आधी रकाने, मग माणसं: संख्याशास्त्राच्या प्रोजेक्टची तयारी

विषय ठरला की पहिल्याच आठवड्यात गूगल फॉर्म बनवायचा आणि कॉलेजच्या सगळ्या ग्रुपवर टाकून द्यायचा, ही घाई शेवटच्या वर्षाची बरीच मुलं करतात. दोनशे रिस्पॉन्स येतात, आणि मग गाइडसमोर प्रश्न येतो, ‘सर, यावर कोणती टेस्ट लावू?’ तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1938 साली कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत हेच बोलले होते. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला विचारणं म्हणजे पुष्कळदा शवविच्छेदनाला बोलावणं. प्रयोग कशानं मेला, एवढंच तो कदाचित सांगू शकेल. म्हणून फॉर्म बाजूला ठेवा आणि एक कोरी वही घ्या.

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहायचा, एकाच वाक्यात आणि शेवटी प्रश्नचिन्ह देऊन. ‘एसटी प्रवाशांचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते फक्त शीर्षक झालं. प्रश्न असा हवा: आमच्या तालुक्याच्या स्थानकावर संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत अमुक गावाच्या गाडीसाठी आठवडी बाजाराच्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागतं का? हेच उदाहरण मी शेवटपर्यंत धरतो. गावाकडून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अंगाखालून गेलेला आहे, त्याला पैसे लागत नाहीत, आणि वर्गात शिकलेलं जवळजवळ सगळं त्यात वापरावं लागतं.

दुसऱ्या पानावर निकालाचे तक्ते आखा, पण रिकामे. आडव्या ओळीत बाजाराचा दिवस आणि इतर दिवस. उभ्या रकान्यांत प्रवासी किती, सरासरी प्रतीक्षा, मध्यक (आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा), प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). आलेखाचे अक्षही काढून ठेवा. आकडा नसलेला हा तक्ता माझ्या मते अख्ख्या तयारीतलं सगळ्यात कामाचं पान आहे. जी माहिती कुठल्याच रकान्यात बसत नाही, ती विचारायची नाही. वय, शिक्षण, उत्पन्न हे प्रश्न सवयीनं फॉर्ममध्ये येतात. आपल्या तक्त्यात त्यांना जागा नसेल तर दिवसभर दमून घरी निघालेल्या माणसाला ‘तुमचं मासिक उत्पन्न किती?’ असं विचारायचा आपल्याला काय अधिकार? नाव आणि मोबाइल नंबर तर घेऊच नका.

आता मोजायचं नेमकं काय, ते ठरवा. प्रतीक्षा सुरू कधी होते, माणूस फलाटावर आला तेव्हा की चौकशी खिडकीशी उभा राहिला तेव्हा? संपते कधी, गाडी फलाटाला लागली की माणूस आत चढला की? दोन्ही चालतं, पण सगळ्यांचं एकच हवं आणि ते लिहिलेलं हवं. आणखी एक अडचण आहे. पाच वाजता तुम्ही पोचाल तेव्हा काही लोक आधीपासून उभे असतील. त्यांना घ्यायचं का? पिकाच्या उत्पन्नाच्या अंदाजात अगदी असाच वाद झाला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिलं की पीक कापणी प्रयोगात शेतातला तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात. तुमच्याकडची कड म्हणजे पाच आणि आठचा ठोका. आधीपासून उभ्या असलेल्यांची संख्या वेगळी टिपा, पण सरासरीत धरू नका. आठनंतरही थांबलेल्यांसाठी एकानं मागे राहायचं, हेही आधीच ठरवा.

सरासरीबद्दल एक गोष्ट इथेच समजून घ्या, कारण हिच्यावर प्रोजेक्ट उभा राहू शकतो. समजा, तासाला दोन गाड्या सुटतात. पण एक गाडी आधीच्या गाडीनंतर 10 मिनिटांनी येते आणि दुसरी 50 मिनिटांनी. दोन गाड्यांमधलं सरासरी अंतर 30 मिनिटं, म्हणून सरासरी प्रतीक्षा 15 मिनिटं असेल असं वाटतं. पण प्रवासी एकसारखे येत राहिले तर साठातले पन्नास जण लांब अंतरात सापडतात आणि सरासरी 25 मिनिटं थांबतात. उरलेले दहा जण 5 मिनिटं. सगळ्यांची सरासरी निघते 21 मिनिटं 40 सेकंद. वेळापत्रकावर गाड्या तेवढ्याच असतात, आणि तरी माणसांना जास्त थांबावं लागतं. बाजाराच्या दिवशी गाड्यांची संख्या न बदलता नुसती त्यांची नियमितता बिघडली तरी लोकांचा वेळ कसा जातो, हे तुम्ही स्वतःच्या आकड्यांतून दाखवू शकता. म्हणून प्रत्येक गाडी लागल्याची वेळही टिपा.

नमुन्याकडे वळू. 385 हा आकडा कितीतरी ब्लॅक बुकांमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव अहवालांमध्ये, कारण न देता उतरवलेला असतो. तो येतो प्रमाणाच्या (शंभरात किती जण, याच्या) अंदाजातून: प्रमाण निम्मं धरलं, चूक पाच टक्के, खात्री पंचाण्णव टक्के. आपण प्रमाण काढत नाही, सरासरी मिनिटं काढतोय. प्राथमिक चाचणीत प्रमाण विचलन 12 मिनिटं आलं आणि 2 मिनिटांची चूक चालणार असेल तर सूत्रानं 139 प्रवासी लागतात. चूक 1 मिनिटावर आणायची तर 554. चूक निम्मी, माणसं चौपट. पण हे सूत्र सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली माणसं धरून चालतं. एका संध्याकाळी थांबलेली चौदा माणसं एकाच उशिरा आलेल्या गाडीची वाट पाहत असतात. त्यांचं थांबणं एकमेकांशी बांधलेलं असतं. त्या गटातला अंतर्गत सहसंबंध (एकाच गटातल्या माणसांचे आकडे किती सारखे, त्याचं माप) 0.2 जरी असला तरी 140 प्रवाशांतून मिळणारी माहिती सुट्या 39 प्रवाशांइतकीच भरते. त्यातही आपला प्रश्न बाजाराच्या दिवसाचा, आणि बाजार आठवड्यातून एकदाच. चार आठवडे काम केलंत तर बाजार फक्त चार झाले, मग माणसं कितीही मोजा. आठ आठवडे धरा. जानेवारीत सुरुवात केली तर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माहिती हाती येते. आणि म्हणूनच हे पान डिसेंबरातच लिहिलेलं असावं लागतं.

माणसं निवडायची कशी? ओळखीची नाहीत, बाकावर निवांत बसलेली नाहीत, ‘बोलकी दिसतात’ म्हणूनही नाहीत. फलाटावर येणारा दर पाचवा माणूस. पहिला कोणता ते एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. निवडलेल्या माणसाला नंबर आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या, ती गाडीत चढताना परत घ्या. ‘किती वेळ थांबलात?’ असं विचारून मिळणारं उत्तर पंधरा मिनिटं, अर्धा तास, एक तास अशा गोल आकड्यांत येतं. घड्याळ तसं करत नाही. न परतलेल्या चिठ्ठ्या फेकून दिल्यासारख्या धरू नका. गाडी येईना म्हणून जे वडापच्या (खासगी प्रवासी वाहतुकीच्या) जीपनं निघून गेले, त्यांच्या त्या चिठ्ठ्या आहेत, आणि सगळ्यात जास्त कंटाळलेले तेच होते. त्यांना वगळून काढलेली सरासरी स्थानकाची बाजू घेते. त्यांच्यासाठी तक्त्यात वेगळा रकाना हवा. एकजण वडापच्या थांब्याजवळ उभा राहिला आणि त्यानं तिथं चिठ्ठ्या गोळा केल्या तर निघून जाण्याची वेळही कळेल.

पाच जणांचा गट असेल तर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांची एक युक्ती जरूर वापरा. त्यांच्या मोठ्या नमुना पाहण्यांत एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते वेगवेगळ्या तुकड्यांना देत. तुम्ही दोन तुकड्या करा, दोघी स्वतंत्रपणे दर दहावा माणूस घेतील. दोन सरासऱ्या जवळ आल्या तर विश्वास वाढतो. लांब गेल्या तर कुणाचं तरी मोजणं चुकतंय, आणि ते दुसऱ्याच आठवड्यात कळतं. पाचवा जण गाड्यांच्या वेळा टिपेल. प्राथमिक चाचणी म्हणून एक संध्याकाळ आधी जाऊन वीस माणसांवर सगळं करून पाहा. त्याचे आकडे मुख्य माहितीत मिसळायचे नाहीत.

परवानगीचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, आगार व्यवस्थापकांच्या नावे, दोन आठवडे आधी द्या आणि पोच घ्या. स्थानकावरच्या कंट्रोलर साहेबांना स्वतः जाऊन सांगा की आम्ही तक्रार करायला आलेलो नाही, मोजायला आलोय. प्रवाशांशी मराठीत बोला, दोन वाक्यांत कारण सांगा, आणि ‘नको’ म्हटलं तर आभार मानून पुढे जा. ती ‘नको’सुद्धा टिपा. मुली गटात असतील तर आठनंतर घरी कसं जायचं ते पहिल्या दिवशीच ठरवा. गाडीच्या प्रतीक्षेवरच्या प्रोजेक्टमध्ये आपल्याच मैत्रिणीची शेवटची गाडी चुकता कामा नये.

जुनी सरकारी आकडेवारी जोडणार असाल तर मोजणी कुठे बदलली ते पाहा. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. त्याआधीचे आणि नंतरचे प्रवासी एकाच रेषेत जोडले तर ती वाढ दुसऱ्याच कशाच्या तरी नावावर जाईल. ठाणे जिल्ह्याची मालिका घेतली तर 2014 मध्ये पालघर वेगळा झाला हे लक्षात ठेवा. आकडा घसरला, माणसं नव्हेत.

माहिती रोज त्याच रात्री संगणकावर भरा. मूळ फाइलला कुणी हात लावायचा नाही; साफसफाई दुसऱ्या प्रतीत, आणि काय बदललं त्याची एक ओळ वहीत. तुम्हाला हे कटकटीचं वाटेल, म्हणून एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्न्डन याला वर्गातला अभ्यास म्हणून एक गाजलेला निष्कर्ष पुन्हा काढून पाहायचा होता. अर्थतज्ज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या 2010 च्या निबंधानुसार सरकारी कर्ज फार वाढलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे 0.1 टक्के होती. हर्न्डनला ते जमेना. त्यानं मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या, शिवाय काही वर्षं गाळली होती आणि भार देण्याची पद्धतही शंकास्पद होती. 2013 मध्ये त्यानं आपल्या शिक्षकांसोबत दुरुस्त आकडा मांडला: अधिक 2.2 टक्के. फाइल शिल्लक होती आणि मागितल्यावर मिळाली, म्हणूनच चूक सापडली. तुमचीही फाइल अशी असावी की पुढच्या वर्षीच्या मुलाला ती उघडून सगळं पुन्हा करता येईल.

विश्लेषणात आधी आयतालेख (हिस्टोग्राम) काढा. प्रतीक्षेचा आलेख बहुधा उजवीकडे लांब शेपटीचा येतो, म्हणून सरासरीबरोबर मध्यक द्या. मुख्य चाचणी एकच, आणि ती माहिती येण्याआधी वहीत लिहिलेली. बाजाराचे आठ दिवस आणि इतर दिवस यांच्या दैनिक सरासऱ्यांची तुलना, इतकी साधी असली तरी पुरे. स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, वारावारी अशा वीस तुलना केल्या तर कुठेही फरक नसताना एखादी तरी नेहमीच्या पाच टक्के पातळीवर ‘सार्थ’ (निव्वळ योगायोग नसलेली) दिसण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास असते, त्या तुलना एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर. फरक सापडला नाही तर तेच लिहा. तोही निकाल आहे, आणि प्रामाणिकपणे मोजलेला ‘फरक दिसला नाही’ मला ओढूनताणून आणलेल्या फरकापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

सादरीकरणाला साधारण दहा मिनिटं मिळतात. आभार आणि अनुक्रमणिकेत दोन मिनिटं घालवू नका. पहिल्याच स्लाइडवर प्रश्न, दुसऱ्या स्लाइडवर स्थानकाचा हातानं काढलेला आराखडा आणि कोण कुठे उभं होतं ते. मग नमुना, मग एकच मोठा आलेख, अक्षांवर मिनिटं लिहिलेला. सॉफ्टवेअरच्या आउटपुटचा फोटो चिकटवू नका. शेवटच्या बाकावरून तो वाचता येत नाही आणि तुम्हालाही त्यातले निम्मे आकडे लागत नाहीत. ब्लॅक बुक इंग्रजीत असलं तरी आदल्या आठवड्यात घरच्या माणसाला सगळं मराठीत सांगून पाहा. आई ‘मग वडापनं गेलेल्यांचं काय केलंत?’ असं विचारेल. बाहेरून येणारे परीक्षक, एक्स्टर्नलही तेच विचारणार आहेत.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास येणारा प्रश्न असतो की पी-व्हॅल्यू 0.03 म्हणजे काय. ‘फरक नसण्याची शक्यता तीन टक्के’ हे उत्तर चुकीचं आहे. खरोखर फरक नसता, तर निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात तीन, असं सांगा. गटातल्या प्रत्येकाला प्रत्येक पान सांगता आलं पाहिजे. ‘ते हिनं केलंय’ हे उत्तर ऐकलं की परीक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. येत नसेल ते येत नाही म्हणा. मर्यादांचं पान स्वतःहून उघडा: एकच स्थानक, एकच मार्ग, आठ बाजार, उन्हाळ्याच्या तोंडाचे महिने.

बाइंडिंगला टाकताना एक जादा प्रत काढा, आणि निकालाचं एक पान मराठीत, आलेखासह. ते पान नेऊन कंट्रोलर साहेबांच्या हातात द्या, शक्यतो बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आधी.