रिचर्डसनला नव्याने येणाऱ्या टेलिकॉमवाल्यांसाठी

ई अँड टीसी केलेलं कोणी पुण्याहून डॅलसजवळच्या रिचर्डसनला यायचं ठरलं, की पहिला प्रश्न असतो, घर कुठे बघू? घर मिळतं हो. आधी ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे लागा. डार्टची, म्हणजे डॅलसची लोकल रेल्वे आहे, पण स्टेशन ते ऑफिस हे अंतर टेक्ससच्या जुलैत पायी जाण्यासारखं नाही. लायसन्स देणाऱ्या डीपीएस या सरकारी खात्याची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून आल्या आल्या घेऊन ठेवा. लायसन्सची मुदत इथे राहायच्या परवानगीइतकीच असते, त्याला इलाज नाही. तिकडच्या सिबिल स्कोअरला इथे कोणी विचारत नाही. बँकेत डिपॉझिट ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, किराणा त्यावर भरा आणि बिल थकवू नका.

हायवे 75 च्या दोन्ही बाजूंच्या या पट्ट्याला टेलिकॉम कॉरिडॉर म्हणतात. 1950 च्या दशकात कॉलिन्स रेडिओ इथे आली, मग एमसीआय, नॉर्टेल, एरिक्सन, फुजित्सू या टेलिकॉम कंपन्या. 2001 ची मंदी आणि 2009 मधलं नॉर्टेलचं दिवाळं पाहिलेली मंडळी अजून इथे आहेत. त्यांना विचारलंत तर एकच सांगतील, ऑफिसबाहेर ओळखी ठेवा. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. तेव्हा ओळखी काढायला निघून काय उपयोग?

ओळखी कुठे होतात? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत खुर्च्या लावताना. फक्त आरतीपुरते येणारे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. (टेलिकॉममध्ये आहे म्हणालात की साउंड सिस्टिम तुमच्याच गळ्यात. आपण आयुष्यभर कोअर नेटवर्कवर, म्हणजे फोन कंपनीच्या मधल्या यंत्रणेवर, काम केलेलं असलं तरी!) स्वयंसेवा खरीखुरी असेल, म्हणजे मोबदला नाही आणि एरवी पगार देऊन करून घेतलं जाणारं कामही नाही, तर व्हिसाची अडचण येत नाही. शंका आली तर आधी वकिलाला विचारा.

पण मंडळावरच थांबू नका. माझा खरा आग्रह हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांनी लायसन्स घेऊन चालवायच्या वायरलेसचा आहे. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत लाखो घरांची वीज गेली. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच चालतात. नंतर जनरेटर हवा, त्याला डिझेल हवं, आणि रस्त्यावर बर्फ असला की डिझेलची गाडी पोचत नाही. हे सगळं आपण डिझाइन रिव्ह्यूत बोलतो. त्या आठवड्यात ते घरात बसून बघितलं. हॅमवाल्यांचे सेट मात्र गाडीच्या बॅटरीवरही चालतात.

हॅमच्या टेक्निशियन, म्हणजे पहिल्या पायरीच्या, लायसन्सची परीक्षा 35 प्रश्नांची, 26 बरोबर आले की पास. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो, मोर्स कोड (टिंब-रेघांची भाषा) लागत नाही, नागरिकत्वही लागत नाही. आधी एफसीसीकडून, म्हणजे रेडिओ लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, एफआरएन हा नोंदणी नंबर घ्या. त्यांची फी 35 डॉलर, लायसन्स दहा वर्षांचं. डेसिबल आणि अँटेना तुम्हाला येतातच. अडेल ते कोणत्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) काय चालतं, या नियमांपाशी.

हॅम मंडळी वादळाच्या दिवसांत हवामान खात्यासाठी डोळ्याचं काम करतात. नेटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक रेडिओ संभाषणात, बोलायचं ते फक्त स्वतः पाहिलेलं. गारा पडल्या तर "मोठ्या गारा" म्हणून चालत नाही. क्वार्टरएवढ्या की गोल्फ बॉलएवढ्या, ते सांगायचं. क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, साधारण एक इंच, आणि तिथूनच वादळ "सिव्हिअर" धरतात. याचं प्रशिक्षण फुकट असतं, बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये.

आई-वडील यायचे असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. हवा स्वच्छ असली की महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला वादळाच्या इशाऱ्याचे भोंगे वाजतात, ती चाचणी. एरवी वाजले तर खिडक्यांपासून लांब, खालच्या मजल्यावर, आतल्या बाथरूममध्ये जायचं. आणि फोनवरचे इमर्जन्सी अलर्ट कितीही दचकवत असले तरी बंद करू नका.